पासष्ट हजार दारं

लातूरच्या एका इंटरनेटवाल्याने मला फसवलं. मी एक दार उघडून मागितलं होतं. त्याने सगळी उघडली, आणि एकच उघडलंय असं माझ्या तोंडावर सांगून, चहा पिऊन गेला.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग त्याच्या दुकानात जाऊन दोनदा काढून झाला आहे. आता जे झालं ते झालं तसं लिहितो.

मी फिजिक्स शिकवतो. घर लातूरला, औसा रोडवर. क्लास दोन आहेत; तीन दिवस लातूरला आणि तीन दिवस नांदेडला. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागायला लागल्या तेव्हा लोकांनी इमारती बांधल्या, मी प्रश्न बनवले. वीसेक वर्षांत एकेक करून, स्वतःच्या डोक्याने. कुठल्या पुस्तकातून उचललेला एकही नाही. ती सगळी प्रश्नपेढी घरच्या कॉम्प्युटरमध्ये होती. माझ्याकडे पोरं येतात ती तेवढ्यासाठीच. बाकी पंखे आणि बाक कोणाकडेही असतात.

एकदा पेनड्राइव्ह नांदेडच्या बसमध्ये राहिला. अख्खा दिवस डेपोत बसून, तीन कंडक्टरांशी भांडून परत मिळवला. त्या दिवशी ठरवलं, प्रश्न घराबाहेर काढायचेच नाहीत. नांदेडला बसून घरचा कॉम्प्युटर उघडता आला पाहिजे.

इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने राऊटरकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"होतंय की सर. राऊटरमधलं एक दार उघडावं लागतंय. पण नीट करायचं तर दोन तासांचं काम हाय."

"दोन तास? एक दार उघडायला? भिंत पाडायलास का काय?"

"सगळं बघून करावं लागतंय सर."

"अर्ध्या तासात कर अन् अर्धेच घे."

तो हसला आणि कामाला बसला. वीस मिनिटांत उठला. "झालं सर. एकच दार उघडलंय, त्याला पासवर्ड टाकलाय. टेन्शन घेऊ नका." एका कागदावर आकड्यांच्या चार गटांचा एक पत्ता लिहून दिला. घासाघीस जिंकली म्हणून मी खुशीत होतो. हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी नांदेडला पहिला वर्ग संपल्यावर ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर मी तो पत्ता टाकला. पांढरा पडदा क्षणभर तसाच राहिला. मग पासवर्ड विचारला. तो दिला, आणि माझ्या घरातले फोल्डर एकाखाली एक उभे राहिले. प्रकाश. उष्णता. लोलक. माझ्याच हाताने दिलेली नावं, माझ्याच चुका. मी आयुष्यभर पोरांना तरंग शिकवले, वेग शिकवला, पण त्या वेळी ते मला पहिल्यांदा खरे वाटले. मी बायकोला फोन लावला.

"कॉम्प्युटर चालू आहे का बघ."

"हाव, चालू हाय. हिरवा दिवा लुकलुकायलाय. का वो?"

"मी आत आहे."

"कुठं आत?"

"कॉम्प्युटरच्या आत. नांदेडहून."

ती म्हणाली, "घरी आलाच हाव तर जरा दळण टाकून या."

मी हसलो, पण नजर पडद्यावरून हटत नव्हती. चार तासांची एसटी, मधले सगळे थांबे, आणि ते सगळं गाळून मी माझ्या टेबलाशी. त्या दिवशी काही काम नसताना मी पाच-सहा वेळा आत जाऊन बाहेर आलो.

सात-आठ महिने असे सुखाचे गेले. मग एक दिवस लातूरच्या वर्गातल्या एका मुलीने दुसऱ्या क्लासची सराव परीक्षा माझ्यासमोर ठेवली. "सर, हा प्रश्न सुटतच नाही."

मी वाचला. काचेचा अपवर्तनांक त्यात शून्य पूर्णांक आठ दिला होता.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक पेपरच्या मूळ प्रतीत मी एक प्रश्न मुद्दाम बिघडवून ठेवतो. काचेचा अपवर्तनांक एकापेक्षा कमी असूच शकत नाही. शिकवणाऱ्याला ते लगेच दिसतं, चोरणाऱ्याला दिसत नाही. छापायला देताना मी स्वतः तो दीड करतो. तो पेपर मी अजून छापलाच नव्हता. म्हणजे तो प्रश्न जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये.

त्या क्लासवाल्याला फोन करून मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, पेपर आम्हाला कुणीतरी मेलवर पाठवला. कोणी, ते त्यालाही सांगता येईना.

दिवाळीला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. हैदराबादला कॉम्प्युटरचंच काम करते. मी तिला चोरीचं सांगितलं, तशी फराळाची ताटली बाजूला सारून तिने कॉम्प्युटरवर राऊटरचं पान उघडलं. त्याला पासवर्ड कंपनीने दिलेला तोच होता, कोणी बदललेलाच नव्हता. दोन मिनिटांत ती थांबली.

"सर, हे कोणी केलं?"

"का?"

"राऊटर बाहेरच्या कोणालाही आत घेत नाही, सर. त्याला सांगावं लागतं, अमुक नंबरवर हाक आली तर अमुक कॉम्प्युटरकडे पाठव. असे नंबर, म्हणजेच दारं, पासष्ट हजारांच्या वर असतात. तुम्हाला एक हवा होता. यांनी डीएमझेड चालू केलंय. म्हणजे आलेली प्रत्येक हाक, कुठलाही नंबर असो, थेट तुमच्या कॉम्प्युटरकडे. एक टिचकी मारली की झालं. विचार करावा लागत नाही."

"पण पासवर्ड टाकलाय ना?"

"एका दाराला. तुमचा प्रश्नांचा फोल्डर दुसऱ्या दारावर आहे. घरात सगळ्यांना दिसावा म्हणून तुम्ही तो मोकळा ठेवलाय. त्याला पासवर्डच नाही, सर."

नव्हता. त्याला कारण आहे. आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. शेजारच्या घराची कडी आतून अडकली आणि ती माणसं बाहेर येऊ शकली नाहीत. त्यानंतर माझ्या वडिलांनी आम्हाला राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आतून कडी बसवूच दिली नाही. पुढे मी लातूरला घर बांधलं, तेव्हाही खोल्यांना कड्या लावल्या नाहीत. घरातल्या माणसाला घरात कशानेच अडकवायचं नाही, ही आमची रीत. कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवणं मला त्याच रीतीविरुद्ध वाटलं. घर ते घर, बाहेर ते बाहेर, असं मी धरून चाललो होतो.

विद्यार्थिनीने ती उघडी दारं लगेच बंद केली नाहीत. आधी फोल्डर दुसरीकडे हलवला, मग म्हणाली, "एकदा बघा तरी सर." तिने कॉम्प्युटरमधलीच एक नोंदवही चालू केली. कोण हाक मारतंय ते तिच्यात उमटत होतं.

मला वाटलं होतं, एखादी ओळ येईल. ओळी धारेसारख्या उतरू लागल्या. एका श्वासात दोन, कधी तीन. ती पत्ते शोधून देश सांगत होती. ब्राझील. व्हिएतनाम. हॉलंड. रशिया. परत ब्राझील. चहावर साय धरली. माझ्या औसा रोडवरच्या घराची दारं भर दुपारी अख्खी पृथ्वी ठोठावत होती, आणि घरात कोणाला ऐकू येत नव्हतं. बायको आत करंज्या डब्यात भरत होती.

"यांना मी काय माहीत?" मी विचारलं.

"काहीच नाही सर. ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत. जगातल्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन दार ढकलून बघतात. रोज. सगळ्यांचं."

भूकंपानंतर आमच्या शेडजवळ एक शास्त्रज्ञ यंत्र घेऊन आले होते. सुई कागदावर रेघ काढायची. ते म्हणाले होते, इथली जमीन हलली तेव्हा पृथ्वीच्या पार पलीकडच्या यंत्रानेही अर्ध्या तासाच्या आत अशीच रेघ काढली. त्या एका वाक्यासाठी मी फिजिक्स घेतलं. आमच्या गावाचा थरकाप जगभर पोहोचतो, हे ऐकून मी कित्येक दिवस नीट जेवलो नव्हतो. आणि आता जग तसंच, न बोलता, माझ्यापर्यंत पोहोचलं होतं. मला भीती वाटायला हवी होती. पण मी हात जोडून बसलो होतो. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, बंद करू?" मी म्हणालो, "पाच मिनिटं थांब."

माझे प्रश्न यांतल्या कोणी नेले, की गावातल्याच कोणी, ते कळायला मार्ग नाही. दारं बंद केल्यावर विद्यार्थिनीने सांगितलं, आधी येऊन गेलेल्यांची खूण राहिलेली नाही. वीस वर्षांची मेहनत कोणाकोणाकडे आहे ते मला कधी कळणार नाही. मी नव्याने प्रश्न बनवायला घेतले आहेत.

दुकानात गेलो तेव्हा इंटरनेटवाला म्हणाला, "सर, घाई तुम्हीच केली. अर्ध्या तासात कर म्हणालात. नीट करायचं तर दोन तास लागतात, हे मी आधीच बोललो होतो."

"मग एकच दार उघडलं असं का सांगितलंस?"

"तुम्हाला कळलं असतं का, सर?"

दर मी पाडला, हे खरं. कड्या न लावण्याची रीत माझी, हेही खरं. दोन्ही माझ्या माथी. पण आता तुलाच सांगतो, कमी पैशांत कमी काम केलंस तर कमी केलं म्हणून सांगायचं होतं. मी दुसरा माणूस पाहिला असता, नाहीतर दोन तासांचे पैसे मोजले असते. तू खोटं सांगितलंस, कारण मला कळणार नाही याची तुला खात्री होती. आणि या शहरात तू किती घरांत गेलास! डॉक्टरांकडे, वकिलांकडे, माझ्यासारख्या क्लासवाल्यांकडे. त्यातल्या किती जणांकडे वीस मिनिटांत उठलास? मला माझे प्रश्न परत मिळणार नाहीत, ते मी सोडलं. पण त्या प्रत्येक घराचं नाव मला हवं आहे, आणि तिथे काय उघडं आहे ते तुझ्या सहीने हवं आहे. तोंडी चालणार नाही. लिहून दे.