आठ नंबरची टोपी

स्टेफानिया ह्रिंकिव या बाईला अमेरिकेच्या सरहद्दीपलीकडच्या रेजायनात कोणी लेचीपेची समजू नये. वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला, पण चेंडू हातात घेऊन पळायच्या तिकडच्या फुटबॉलच्या स्टेडियमच्या बासष्ट पायऱ्या ती कुणाचा हात न धरता चढायची. मधे तीनदा थांबायची आणि तिन्ही वेळा बुटाच्या नाडीला शिव्या घालायची. एकोणिसाव्या रांगेतली सात नंबरची खुर्ची तिची, आठ नंबरची नवऱ्याची, ओरेस्टची. ओरेस्टला जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी बाई दोन्ही खुर्च्यांची वर्षभराची तिकिटं काढायचीच. आठवर त्याची लोकरीची टोपी ठेवलेली असायची. चुकून कोणी तिथं टेकलंच, तर "उठा, माणूस बसलाय तिथं!" असा आवाज लागायचा की बिचारा हातातल्या हॉटडॉगसकट उठायचा.

मुलगा डार्सी दरवर्षी मागे लागे. "आई, पुरे गं आता. घरी टीव्ही आहे, हीटर आहे. उणे वीसमध्ये कशाला कुडकुडत बसतेस? एक दिवस त्या पायऱ्यांवरून पडशील."

यंदाच्या इस्टरला वैतागून ती बोलून गेली, "ज्या वर्षी आपण कप जिंकू, त्या वर्षी सोडते दोन्ही खुर्च्या. हा बघ, इस्टरच्या पावावर हात ठेवून सांगते!" गावच्या संघाचे हरण्याचे एकेक पराक्रम तिला तोंडपाठ होते. शब्द द्यायला आपल्या बापाचं काय जातंय, असं तिला वाटलं.

आणि नेमकी याच वर्षी मेल्यांना जिंकायची अवदसा आठवली!

अठरापैकी सोळा सामने जिंकले. अख्खं गाव संघाच्या हिरव्या रंगात नाचत होतं. डार्सीसारखा पन्नाशीचा बाप्या हिरवं कलिंगड पोखरून शिरस्त्राणासारखं डोक्यावर घालून फिरत होता, आणि रस मानेवरून थेट सदऱ्यात. स्टेफानियाही घसा बसेपर्यंत ओरडायची, कारण हिरव्यांशी बेइमानी तिच्या रक्तातच नव्हती. पण सामना संपला की ती आठवरची टोपी उचलायची. टोपीकडे बघून ती पुटपुटायची, "ओरेस्ट, हे असंच चाललं तर आपलं काही खरं नाही रे."

मागच्या रांगेतला लाइल ब्रँट म्हणायचा, "काय वहिनी, यंदा कप आपलाच! मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"तू गप रे. आधी माझ्या मानेत सांडलेलं तुझं पॉपकॉर्न काढ."

अंतिम सामना परगावी होता, म्हणून सगळे डार्सीच्या घरी टीव्हीसमोर जमले. समोर स्टेफानियाने लाटलेल्या पेरोगींचा, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा, डोंगर; तिच्या पीठ लागलेल्या मांडीवर टोपी. खुर्च्या परत करायचा अर्ज डार्सीने आधीच भरून खिशात ठेवला होता. "फक्त सही कर, आई. पेन आणलंय मी."

शेवटची सहा सेकंदं. सव्वीस-सव्वीस. समोरच्यांनी लांबून चेंडू मारला तो खांबांच्या बाहेरून गेला. घरात एकच जल्लोष! पण चेंडू आपल्या माणसाच्या हातात, तोही मैदानाच्या अगदी शेवटच्या पट्ट्यात. तिथून तो बाहेर काढला नाही तर समोरच्यांना एक गुण, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. हा गडी मात्र तीनच आठवड्यांपूर्वी अमेरिकेतून आलेला. तिकडे असला हुकलेला चेंडू मेलेला धरतात. तो आनंदाने गुडघ्यावर बसला आणि आकाशाकडे बघून देवाचे आभार मानू लागला.

"पळ रे गाढवा! पळ!" सगळ्यांच्या वर एकच आवाज होता, स्टेफानियाचा. गुडघा विसरून ती ताडकन उभी राहिली होती आणि टोपी टीव्हीकडे हलवत होती.

गाढव काही पळालं नाही. सव्वीस-सत्तावीस. कप गेला!

ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. डार्सीने डोक्यावरचं कलिंगड काढून टेबलावर ठेवलं. आईचा रुमाल सापडेना, तेव्हा त्याने खिशातला अर्ज काढून दिला. तिने त्यालाच खसखसून नाक पुसलं.

मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षीची तिकिटं कधी निघतात रे?"

डार्सीने हात टेकले. "फेब्रुवारीत. पण पायऱ्या चढायला मी सोबत येणार. आठ नंबरवर बसेन मी."

स्टेफानियाने टोपीवरचं पीठ झटकलं.

"आठवर माणूस बसलाय. तू नऊ बघ."