न उघडलेला फोटो

मावला गावात भाड्याच्या दोन खोल्या आणि मी नर्स, असं सांगितलं की पाहुणे आधी माझ्याकडे बघतात, मग स्वयंपाकघराकडे. "दवाखाना कुठं हाय मंग?" असं एका काकांनी विचारलंही होतं. दवाखाना टेबलावर आहे. एका स्क्रीनवर चॅटच्या पाच खिडक्या, पाच पेशंट. कोणी मराठीत लिहितं, कोणी तेलुगूत, दुकानदार मंडळी हिंदीत. दोन मिनिटं उत्तर गेलं नाही की खिडकी लाल होते आणि हैदराबादेत बसलेल्या आमच्या वरिष्ठ बाईंना ते दिसतं. म्हणून तयार उत्तरांची बटणं दिलेली आहेत. त्या बटणांचा मला भारी राग, आणि दिवसभर ती दाबायची मीच.

बाजारहत्नूरकडच्या एका मावशींची खिडकी चांगल्या ओळखीची होती. बीपीच्या पेशंट, विधवा, भाजीचा मळा. लिहिता येत नसे, म्हणून बोलून पाठवायच्या; माझं उत्तर अक्षर लावून वाचायच्या. गोळी चुकली आणि मी रागावले की म्हणायच्या, "रागावू नको माय, वांगे तोडता तोडता राहूनच गेली." मला त्या फार आवडायच्या.

त्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांच्या खिडकीत अक्षरं उमटली. "मॅडम, माझं डोकं लई दुखून राह्यलं. डोळ्यापुढं अंधारी येते." तेव्हा शेजारच्या खिडकीत एका बाळाला जुलाब होत होते, दुसरीत एक आजोबा घाम फुटलाय म्हणून लिहीत होते. मी मावशींचं नाव पाहिलं, बीपी पाहिलं आणि बटण दाबलं. बीपीची गोळी घ्या, पडून राहा, बरं न वाटल्यास कळवा. मावशींना लिहिता येत नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. यायला हवं होतं.

थोड्या वेळाने मावशींच्या खिडकीत एक फोटो आला. नुसत्या फोटोने खिडकी लाल होत नाही. आजोबांची साखर उतरत चालली होती, मी त्यांच्या सुनेला साखरेचं पाणी पाजायला सांगत होते. फोटो कुठं पळून जातो, असं मी मनाशी म्हणाले. अगदी याच शब्दांत म्हणाले.

उघडला तेव्हा पाऊण तास झाला होता. सुजलेलं पाऊल आणि त्यावर बोट दाबून पाडलेला खळगा. बोट ज्या हाताचं होतं त्या हातात हिरवा चुडा, ओटीभरणाला भरलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मावशींची लेक माहेरी आली होती आणि घरात फोन एकच, आईचा. पोटुशीचं डोकं दुखतं, अंधारी येते, पाय सुजतात, याचा अर्थ शिकाऊ नर्सलाही कळतो. बीपी चढलंय, कधीही झटके येतील. आणि तिला मी पडून राहायला सांगितलं होतं.

मावशींना फोन लावला, रेंज नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग ॲम्ब्युलन्सला लावला. तिथल्या माणसाने घर कुठलं विचारलं, मला फक्त गावाचं नाव ठाऊक. मळ्यातलं घर, विधवा बाई, लेक बाळंतपणाला आलेली, कोणीही दाखवेल, असं मी भीक मागितल्यासारखं सांगत होते. तोवर बाकीच्या चारही खिडक्या लाल झाल्या. वरिष्ठ बाईंनी लिहिलं, चार पेशंट थांबलेत. मी वाचलं आणि पुन्हा फोन लावला.

शेवटी मावशींनी उचलला. "तू सांगितली तशी माही गोळी देली तिले. पडून होती. आता डोळे फिरवून राह्यली माय."

"मावशी, गाडी येऊन राह्यली. तिले डाव्या कुशीवर करा. तोंडात काही घालू नका."

"काऊन? पाणी बी नाही?"

"पाणी बी नाही."

मग फोन कटला आणि पुन्हा लागलाच नाही.

लेक वाचली. मूल पोटातच गेलं. हे मला आठ दिवसांनी कळलं, त्याच खिडकीतून, मावशींच्या आवाजात. "माय, तुही गोळी पोटात होती म्हणून माही लेक वाचली. डॉक्टर म्हणे, येवढा उशीर काऊन केला. आमाले काय समजते? पोराचं आमच्या नशिबातच नव्हतं. पण तुहे उपकार नाही विसरणार."

मी ते तीनदा ऐकलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, त्याची आणखी लाज वाटली. मग लिहायला घेतलं. मावशी, उशीर तुमी नाही केला. फोटो आला होता, मी उघडला नाही. तो पाऊण तास माझा आहे. एवढं लिहून झालं, पाठवायचं तेवढं राहिलं होतं. माझं बोट तिथंच थांबलं.

दोन मिनिटं झाली. खिडकी लाल झाली. मी लिहिलेलं पुसलं आणि बटण दाबलं. संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, काळजी घ्या.