व्हर्लिन होल्ट्झ कॅल्क्युलेटर निवडतो

हॅडलीत कुणाला बर्फ उडवायचं यंत्र घ्यायचं असो, फ्रीजर घ्यायचा असो की नुसती शिडी, दुकानात पाऊल टाकण्याआधी माणूस व्हर्लिन होल्ट्झला गाठणार हे ठरलेलं. व्हर्लिनचा धंदा काही सल्ले द्यायचा नव्हे. तो शेतकऱ्यांच्या सोसायटीचा गॅसचा टँकर चालवतो आणि नेब्रास्काच्या त्या सपाट मुलखात शेताशेतांवरच्या, घरं ऊबदार ठेवणाऱ्या गॅसच्या टाक्या भरत हिंडतो. पण वस्तू निवडणं ही त्याची जिवाची आवड. कुणी घाईनं घेतलेली वस्तू दाखवली, तर तो तिच्याकडे अशा नजरेनं बघतो की घेणाऱ्याला ती परत करावीशी वाटावी. घरचं बर्फाचं यंत्र निवडायला त्यानं दोन हिवाळे घेतले. तोवर त्याची बायको रोंडा फावड्यानं बर्फ काढत होती, आणि हे ती अजूनही येईल त्या पाहुण्याला ऐकवते.

तर अशा माणसाच्या घरी ऑगस्टमध्ये शाळेचा कागद आला. मुलगी ब्रिटा अकरावीत गेलेली. गणितासाठी आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आणावा, एवढंच त्यावर लिहिलेलं. गावातले बाकीचे आईबाप मोठ्या दुकानात गेले, खोकं उचललं, किमतीवरून चार शब्द बडबडले आणि घरी आले. व्हर्लिननं कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. त्याचा चेहरा खुलला.

खुलायला कारण होतं. ब्रिटाचा पाळणा त्यानं निवडला होता, सायकल त्यानं निवडली होती, दातांच्या तारांचा डॉक्टरसुद्धा चार ठिकाणी चौकशी करून त्यानंच ठरवला होता. आता पोर सतरा वर्षांची झाली. कपडे ती तिचे घेई, मैत्रिणी तिच्या ती निवडे, आणि दोन वर्षांनी कॉलेज निवडेल तेव्हा बापाचं काय चालणार? गेल्या वसंतात तिनं एकदा बूट निवडायचं त्याच्यावर सोपवलं, तर त्यानं महिनाभर तळ वाकवून वाकवून तपकिरी बुटांची एक जोडी आणली होती. त्यानंतर हा कॅल्क्युलेटरच. पुन्हा असं काही वाट्याला येईल की नाही याची व्हर्लिनला खात्री नव्हती.

अडचण एवढीच होती की वस्तू कशासाठी असते हे ठाऊक नसताना ती पारखायची कशी? दहावीत लुंडग्रेनबाईंच्या वर्गात व्हर्लिननं गणिताचा निरोप घेतला होता, आणि तो दोन्ही बाजूंनी आनंदानं घेतला गेला होता. दुकानातल्या फळीवर तीन कॅल्क्युलेटर होते. एक काळा, जाडजूड, सगळी मुलं वापरतात तो. दुसरा स्वस्त, पडदा रंगीत. तिसरा फारच हुशार, अक्षरांचीही गणितं आपली आपण सोडवणारा. तिघांचीही बटणं दाबून पाहिली तेव्हा तिघांनीही चूक झाल्याचं सांगितलं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर व्हर्लिन गॅरेजमध्ये गेला नाही. एरवी तो ताट उचललं की थेट गॅरेज गाठतो, आणि झोपायच्या वेळेलाच दिसतो. आज मात्र ब्रिटासमोर खुर्ची ओढून बसला.

"मला सांग, हा आलेख म्हणजे नक्की काय असतं?"

ब्रिटानं मान वर केली. "बाबा, तू बरा आहेस ना?"

"थट्टा नको करूस. मी फ्रीजर घेतला तेव्हा आधी थंडी कशी तयार होते ते समजून घेतलं होतं."

"आणि मांस तोपर्यंत माझ्या भावाच्या घरी पडून होतं," रोंडा भांडी धुता धुता म्हणाली.

ब्रिटानं कागद ओढला, एक आडवी आणि एक उभी रेघ मारली. "हे बघ. आडवे दिवस, आणि उभा तुझ्या टाकीचा काटा. सप्टेंबरमध्ये टाकी भरलेली, म्हणजे ठिपका इथे वर. मग थंडी वाढते तशी रेघ खाली यायला लागते."

"सारखी नाही येत," व्हर्लिन लगेच म्हणाला. "डिसेंबरपर्यंत हळूहळू येते. जानेवारीत धाडकन खाली."

"मग काढ की तशी."

त्यानं पेन्सिल घेतली आणि रेघ काढली, आधी उतरती, मग एकदम कोसळणारी. स्वतःच काढलेल्या रेघेकडे तो बराच वेळ बघत राहिला. "ही तर कुचेराची टाकी आहे," तो म्हणाला. "त्याच्या घराला नुसत्या फटी."

"जिथे रेघ कोसळते तिथे तिचा उतार जास्त. वर्गात आम्ही हेच करतोय," ब्रिटा म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. उताराचं ते प्रकरण वर्गात तिच्या डोक्यावरून गेलं होतं. आत्ता या टाकीपाशी ते तिला पहिल्यांदा नीट दिसलं. तिनं ते बापाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पुस्तक तिनं आधीच उघडून ठेवलं होतं.

मग हा क्रमच पडला. रोज जेवण झालं की व्हर्लिन एक प्रश्न काढायचा आणि ब्रिटा सांगायची. कधी त्याला पटायचं, कधी नाही. नाही पटलं की ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. चेंडू वर फेकला तर त्याची रेघ कमानीसारखीच का येते, यावर बापलेक एकदा अंगणात जाऊन बटाटे फेकत बसले. रोंडानं खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

दिवसा व्हर्लिन टँकरवर चौकशी करत हिंडायचा. नळी जोडून टाकी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात बोलणं होई. आल्विन कुचेरा ऐंशीचा, जिभेनं तिखट. तो म्हणाला, "नातवाला विचारलं मी. म्हणाला, सगळे घेतात तो घ्यायचा."

"सगळे घेतात म्हणून तर आधी बघायला हवं."

"अरे, पण शाळा सुरू झाली ना? का पोरीच्या लग्नात देणार आहेस तो?"

"फटी बुजव तू आधी घराच्या," व्हर्लिन म्हणाला.

शाळा खरंच सुरू झाली होती. व्हर्लिननं एकदा ब्रिटाला विचारलंही, की वर्गात कसं भागवतेस. ती म्हणाली, शाळेचं एक खोकं असतं, त्यातला मिळतो. फुकट का, असं त्यानं विचारल्यावर म्हणाली, "फुकटच म्हणायचा." त्यामुळे व्हर्लिन निश्चिंत झाला.

खरं सांगायचं तर दुसरा आठवडा संपता संपता त्याचं मनातून ठरलंही होतं. रंगीत पडद्याचा चांगला होता, पण बाकी मुलांची बटणं एकीकडे आणि ब्रिटाची दुसरीकडे झाली असती. हुशार कॅल्क्युलेटर सगळंच आपण करणार, तर मग पोरीनं काय करायचं? उरला तो काळा. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, रोज 'आण एकदाचा' म्हणून मागे लागणाऱ्या रोंडालाही नाही. सांगितलं की काम झालं, आणि काम झालं की टेबलापाशी बसायला निमित्त काय? सहामाहीच्या आधी आणू, असं तो मनाशी म्हणायचा आणि संध्याकाळी नवा प्रश्न काढायचा. इतका खूश तो बऱ्याच वर्षांत नव्हता.

पुढच्या आठवड्यात शाळेची मागची टाकी भरायची पाळी आली. टाकी भरून पावती द्यायला तो ऑफिसकडे निघाला. वाटेत गणिताचा वर्ग लागतो. दाराला काच आहे. आत फळ्याखालच्या कट्ट्यावर बूट मांडलेले त्याला दिसले. जोड्या नव्हेत, एकेक बूट. एक पांढरा, एक धुळीनं माखलेला, एक गुलाबी नाडीचा, आणि सगळ्यांत कडेला एक तपकिरी. तो तळ व्हर्लिननं महिनाभर वाकवून पाहिला होता. त्याला लांबूनही ओळखता आला असता.

तेवढ्यात ब्रिटा फळ्यापाशी आली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. तिनं खडू घेतला आणि गणित मांडायला लागली. वर्गात कुणी हसलं नाही. कुणी वर बघितलंसुद्धा नाही, इतकी सगळ्यांना त्याची सवय झालेली. व्हर्लिनला ते जास्त लागलं.

तास संपल्यावर लुंडग्रेनबाई बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते, बाकी बाई त्याच. व्हर्लिननं टोपी काढली.

"बाई, ते बूट कसले?"

"तारण," बाई म्हणाल्या. "खोक्यातला कॅल्क्युलेटर हवा तर एक बूट माझ्याकडे. पोरं वही विसरतात, दप्तर विसरतात, पण एका बुटावर कुणी घरी जात नाही. एखाद दिवस विसरणाऱ्यांसाठी आहे ते. तुझी मात्र रोजचं गिऱ्हाईक."

"मला कळवायचं तरी."

"मी फोन करणार होते. तीच म्हणाली, नका करू. बाबा निवडतोय, त्याला निवडू द्या." बाई जायला वळल्या. "पोरगी चांगली चाललीये हो. तुझ्यावर गेली नाही."

एरवी हे ऐकून व्हर्लिन मोठ्यानं हसला असता. आज त्यानं नुसती मान हलवली. पोरीला आपली लाज वाटली असणार, हेच त्याच्या डोक्यात बसलं. सगळ्या वर्गाच्या बापांना जमलं आणि आपल्या बापाला एक यंत्र आणता येत नाही, हे बाईंना कळू नये म्हणून तिनं फोन करू दिला नसणार. आणि आपण इकडे ठरलेली गोष्ट लांबवत, मजेत प्रश्न विचारत बसलो. स्वतःचा इतका राग त्याला कधी आला नव्हता.

सोसायटीत टँकर लावून तो थेट दुकानात गेला. काळं खोकं उचललं, पैसे दिले आणि बाहेर आला. गल्ल्यावरची मुलगी त्याला ओळखत होती. बाकीचे दोन दाखवू का, असं तिनं विचारेपर्यंत तो दाराबाहेर होता.

घरी टेबलावर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल मांडलेले होते. व्हर्लिननं खोकं ब्रिटाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"घे. हाच चांगला. सगळे घेतात तो."

"सगळे घेतात म्हणून तू घेतलास?" रोंडा म्हणाली. "ब्रिटा, त्याच्या कपाळाला हात लावून बघ गं."

ब्रिटानं खोकं उघडलं नाही. "तुझं शोधून झालं?" तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता.

व्हर्लिन खुर्चीत बसला. "आज शाळेत आलो होतो. बूट बघितला मी."

ब्रिटाचे कान लाल झाले.

"बाई मला फोन करणार होत्या, तर तू नको म्हणालीस. माझी लाज वाटली असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही. चूक माझीच आहे."

"लाज कसली?" ती म्हणाली. "बूट काय, निम्मा वर्ग ठेवतो कधी ना कधी." तिनं रोलचा तुकडा मोडला, तो खाल्ला नाही. "बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काळाच घ्या म्हणून. सगळ्यांनी एकच घ्यायचा."

व्हर्लिन तिच्याकडे बघत राहिला. "पहिल्या दिवशी? मग मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू लगेच आणला असतास."

"मग आणायचाच होता ना?"

"आणला असतास, आणि जेवून गॅरेजमध्ये गेला असतास," ब्रिटा म्हणाली.

व्हर्लिननं चमचा उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "माझं मागच्या आठवड्यातच ठरलं होतं. काळाच."

"मग तू का नाही आणलास?"

त्यानं खांदे उडवले. ब्रिटा हसायला लागली.

"छान," रोंडा म्हणाली. "म्हणजे दोघांचंही ठरलेलं, आणि मी एकटी घाई करत बसले होते."

जेवण झालं. व्हर्लिननं ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं आणि क्षणभर गॅरेजच्या दाराकडे बघितलं. मग परत येऊन खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"ते कालचं मला कळलेलं नाही," तो म्हणाला. "रेघ शून्याच्या खाली जाते म्हणजे काय? टाकीत शून्याखाली गॅस कसा असेल?"

"थांब, सांगते," ब्रिटा म्हणाली, आणि तिनं पुस्तक दोघांना दिसेल असं मधे सरकवलं.