नायलॉनची वेणी

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत लोक पलंगाखाली ट्रंका सारतात, जास्तीच्या गाद्या सारतात. वृंदाकाकूंच्या पलंगाखाली मुंडकी होती. मडकी पालथी घालून काकूंनी त्यांवर नाक-डोळे रंगवलेले, आणि प्रत्येकावर नाटकातल्या केसांचा एकेक टोप. शेंडी-घेऱ्याचे, जटांचे, खोप्याचे, आंबाड्याचे. नव्यानं येणारी कामवाली झाडू घेऊन खाली वाकली की किंचाळून उठायची. यजमान दत्तात्रयराव मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ते पाहुण्यांना सांगत, "या घरात टकला मी एकटाच. बाकी सगळ्यांना भरपूर केस आहेत."

काकू लग्न होऊन दिल्लीत आल्या तेव्हा मराठी मंडळींची हौशी नाटकं जोरात होती. काकूंनाही एकदा काम मिळालं, पण पहिल्याच प्रवेशात घसा असा कोरडा पडला की पुढे कुणी विचारलं नाही. टोप मात्र त्यांच्या गळ्यात पडले, कारण दुसऱ्याच्या घामाचे केस धुवायला बाकीच्या बायकांना किळस यायची. काकूंना येत नसे. मग बाजार खुला झाला, खासगी कंपन्या आल्या, आणि माणसं पांगली. कुणी नोएडात फ्लॅट घेतला, कुणी गुडगावात मोटारीच्या कारखान्याजवळ. तालमीला यायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये. घरोघर केबल आली आणि तालीम कुणाला आठवेनाशी झाली. नाटक संपलं, टोप उरले. नव्या वसाहतींतल्या इंग्रजी नावांच्या शाळा स्नेहसंमेलनाला ते घेऊन जात आणि च्युइंगम चिकटवून परत करत.

टोपही बदलले होते. आधी माणसाच्या केसांचे असत, मुंबईहून यायचे. आता सदर बाजारात नायलॉनचे ढीग लागले. स्वस्त, आणि बाहुलीच्या केसांसारखे चकचकीत. ती चमक मारायला काकू टाल्कम पावडर चोळत. थंड पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाकून बुचकळायचं, पिळायचं नाही, पंच्यात दाबायचं, मडक्यावर सावलीत सुकवायचं, आणि मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर सोडवत जायचं. सुरुवातीला एका कुरळ्या टोपावर फडकं घालून इस्त्री फिरवली, तर केस फडक्यासकट इस्त्रीला चिकटले. जळक्या प्लास्टिकचा तो वास दिवाळीपर्यंत घरातून गेला नाही.

दिल्लीच्या लष्करी छावणीतले मराठा जवान दरवर्षी हिवाळ्यात यायचे. संक्रांतीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला, त्यांचा नाटकाचा कार्यक्रम असे. त्यांच्यातला हवालदार हिंदुराव टोप न्यायला येई. साताऱ्याकडचा, आडव्या अंगाचा, बोलका. "काकू, गेल्या वर्षीचा भाऊसाहेब मागून टक्कल दाखवत होता. यंदा जरा दाट द्या, शत्रूनं काय म्हणावं," असं म्हणून दत्तात्रयरावांकडे हळूच बघायचा.

त्या वर्षी तो डिसेंबरातच आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

"काकू, एक बाईचा हवा होता."

यंदा कुणी स्त्री-पार्ट करतंय का, असं काकूंनी विचारलं. तो हातातली टोपी फिरवत राहिला.

"कार्यक्रमाला नाही. घरी हवाय."

मग थोडं थोडं करून त्यानं सांगितलं. बायको सुहासिनी, तीस वर्षांची, तिला कॅन्सर. औषधानं केस गेले, भुवयासुद्धा गेल्या. त्याचं काही नाही, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण मुलगी, प्रज्ञा, चार वर्षांची, जन्मापासून आईची वेणी मुठीत धरून झोपणारी. वेणी गेली आणि पोर आईजवळ जाईना. शेजारच्या कौशल्याकडे जेवते, तिच्याकडेच झोपते. घरात आणली की पडद्यामागे उभी राहून छावणीतल्या पोरांच्या हिंदीत म्हणते, ये आई नहीं है.

"सुहासचं म्हणणं, संक्रांतीला प्रज्ञाचं बोरनहाण करायचं. पुढच्या वर्षी पोर मोठी होईल, करता नाही येणार." हिंदुराव थांबला. "म्हणजे, पोर मोठी होईल म्हणून. एकदा मांडीवर बसली तर बरं, बाकी काही नाही."

काकूंनी सगळ्यात चांगला टोप काढला. आंबाडा उसवून केस मोकळे केले, पावडर चोळून चमक मारली. सुहासिनीचं डोकं नुसतं हात लागला तरी चुरचुरायचं, म्हणून टोपाच्या जाळीला आतून जुन्या धोतराची मलमल शिवली. मग टोप उशीच्या अभ्र्यात घालून छावणीत गेल्या. सुहासिनी भिंतीला टेकून बसली होती. काकूंना वाटलं होतं, आरसा दाखवल्यावर रडेल. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, भांग जरा डावीकडे. माझा डावीकडे होता."

पडद्यामागून एक डोळा बघत होता. पोर पुढे आली नाही, पण पळालीही नाही. सुहासिनीनं ते पाहिलं आणि टोप लगेच उतरवून ठेवला. आत्ता नको, म्हणाली. सणाला, नव्या साडीवर, सगळं एकदम.

निघताना काकूंनी तिला नीट बजावलं. गरज पडलीच तर थंड पाणी, आणि ऊन अजिबात लावायचं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सुहासिनीची सासू, ठकूबाई, भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून ऐकत उभी होती. सुनेच्या दुखण्यासाठी ती गावाहून आली होती. दिल्लीची थंडी, दिल्लीची भाषा, काहीच तिला मानवत नव्हतं. ती टोपाकडे बघत म्हणाली, "अगदी हिच्यावानीच हाय की वो." काकू तिच्याकडे बघून हसल्या. तिला वेगळं काही सांगावं असं त्यांच्या मनात आलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी पहाटे जवानांचा ट्रक पानिपतला गेला. हिंदुरावही गेला. सुहासिनीनंच घालवला होता, इथं बसून माझं तोंड बघण्यापेक्षा जा म्हणाली. पलंगाखालचे सगळे टोप त्या ट्रकमधून गेले. यंदा नाटकात भाऊसाहेबांच्या छावणीतल्या राजस्त्रियांचा प्रवेश होता, त्यामुळे बायकांचेही.

दुपारी काकू कंगवा, पिना, सुईदोरा घेऊन छावणीत पोहोचल्या, तर जिन्यातच त्यांना वास आला. इस्त्रीला चिकटलेल्या केसांचा तोच वास. उरलेल्या पायऱ्या त्या भराभर चढल्या.

मागच्या गॅलरीत ठकूबाई शेगडीसमोर बसली होती. निखाऱ्यांवर पालथं वेताचं डालगं, बाजूला उदाची पुडी. मांडीवर टोप. कातळाला चिकटलेल्या शेवाळासारखा दिसत होता. खालचे केस वितळून एकमेकांत गेले होते, जाळी आक्रसून करवंटीसारखी कडक झाली होती.

"सन हाय," ठकूबाई म्हणाली. "सनाला न्हाल्याबिगर केस कसं घालायचं डोक्यावर? कुनाकुनाच्या डोक्यावरनं आलेलं. म्हून शिकेकाईनं धुतलं."

"आणि शेगडी?"

"तुमीच म्हनला उनात घालू नका. म्हून धुरीवर धरलं. बाळंतपनात हिचं केस असंच सुकवायची मी. लई केस हुतं. हात भरून यायचा." तिनं टोप उचलून काकूंपुढे धरला. "हुईल का वो नीट?"

काकू तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. ऊन नको हे सांगितलं होतं, आच नको हे सांगायचं राहिलं. नायलॉन म्हणजे काय हे या बाईला कोण सांगणार होतं? तिच्या जन्मात केस म्हणजे केस. होईल काहीतरी, असं त्या म्हणाल्या, आणि आपलंच बोलणं त्यांना रंगमंचावरच्यासारखं खोटं वाटलं.

आत सुहासिनी नवी काळी साडी नेसून पलंगावर बसली होती. काकूंनी तिला सांगितलं की टोप जुनाच होता, नायलॉन असं कधी कधी दगा देतं, कुणाची चूक नाही.

"मला वास आला होता," सुहासिनी म्हणाली. "हाक मारली. दोनदा मारली. आवाज गॅलरीपर्यंत गेलाच नाही." आणि मग, "आत्याबाईंना काही बोलू नका. धुताना ओव्या म्हणत होत्या. आल्यापासून पहिल्यांदा."

काकूंनी पुढे ढकलायचं सुचवलं. बोरनहाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, तोवर पानिपतचे टोप परत येतील. सुहासिनीनं मान हलवली. उद्या परत दवाखान्यात भरती व्हायचं होतं. "आणि आज ती हो म्हणालीय, काकू. कौशल्यानं तिला सांगितलंय, आईला केस आले. सकाळपासून विचारतेय, कब चलना है."

शेजारणी तासाभरात यायच्या होत्या. काकूंनी कात्री घेतली. कपाळावरची वीतभर पट्टी निखाऱ्यांपासून लांब राहिली होती, डावीकडचा भांगही शाबूत. आतल्या थरातले काही केस वाचले होते, त्यांची करंगळीएवढी वेणी झाली. पण हे बसवायचं कशावर? जाळी गेली होती. पट्टी डोक्याला आवळून बांधली असती तर कातडं सोलवटलं असतं. काकूंनी नाटकातली युक्ती केली. पदर डोक्यावरून घेतला, त्याच्या काठाला आतून केसांची पट्टी टाचली, आणि मानेपाशी पदरालाच वेणी टाचून ती खांद्यावरून पुढे घेतली. काजळानं भुवया काढल्या. मागे सरून पाहिलं. समोरून, जरा लांबून, एक घरंदाज बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. प्रेक्षकाला जेवढं दिसतं तेवढं सगळं जागेवर होतं.

"दिसतेय का मी?" सुहासिनीनं विचारलं.

"तूच दिसतेयस."

बायका आल्या. सुहासिनीला बाहेरच्या खोलीत पाटावर बसवलं. ठकूबाई विधवा, म्हणून ती हळदीकुंकवाला बाहेर आली नाही, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. मग कौशल्या प्रज्ञाला घेऊन आली. कौशल्या जालन्याकडची, याच क्वार्टरांच्या लाइनमधल्या एका नायक हुद्द्याच्या जवानाची बायको, स्वतःला मूल नाही. पोरीच्या अंगावर काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. दारात येऊन ती थांबली. 

प्रज्ञानं पाहिलं. भुवया पाहिल्या, भांग पाहिला, खांद्यावरची वेणी पाहिली.

"आई," ती म्हणाली, आणि चालत येऊन मांडीवर बसली.

सुहासिनीनं दोन्ही हात पोरीच्या पोटाभोवती घेतले आणि डोळे मिटले. काकू मागे भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना सुहासिनीच्या मानेची शीर उडताना दिसत होती. कौशल्यानं औक्षण केलं, निरांजन मुद्दाम लांब धरून. मग पहिली ओंजळ पडली. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे पोरीच्या डोक्यावरून खाली सांडले आणि लाइनीतली सगळी पोरं त्यावर तुटून पडली. प्रज्ञा हसली. मागे रेलली, आणि रेलताना तिचा हात आपोआप वर गेला, वेणीकडे, रोज झोपताना जायचा तसा. मूठ मिटली.

काकूंनी पाऊल उचललं तोवर झालं होतं. प्रेक्षक वेणी ओढून बघत नाही. एवढाच हिशेब काकूंनी केला होता.

टाके सुटले. वेणीबरोबर पदर आला, पदराबरोबर कपाळावरची पट्टी. प्रज्ञानं हातातल्या वेणीकडे पाहिलं, मग वळून वर पाहिलं. ती रडली नाही. रडली असती तर कुणीतरी पुढे झालं असतं. तिनं वेणी आईच्या मांडीवर नीट ठेवली, दुसऱ्याची वस्तू परत द्यावी तशी, उतरली, आणि कौशल्याच्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली.

कौशल्या तिला तिच्याच हिंदीत समजावू लागली, बेटा जा, आई है तेरी. पोर हलेना. कौशल्या तिला धरून पुढे ढकलू लागली तशी सुहासिनी बोलली. उघड्या डोक्यानं, पदर सावरायच्या भानगडीत न पडता.

"ढकलू नकोस गं तिला." श्वास घेतला. "तू बस. तुझ्या मांडीवर घे."

"ताई, असं कसं..."

"आठ बायका ओंजळी भरून उभ्यात. बस खाली. बोरनहाण अर्धं ठेवू नये."

कौशल्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंना तिच्याकडे बघवेना. शेवटी कौशल्या सुहासिनीशेजारी दुसऱ्या पाटावर बसली, प्रज्ञा तिच्या मांडीवर चढली, आणि दुसरी ओंजळ पडली. पोरं पुन्हा तुटून पडली. दाराआड ठकूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

काकूंनी सुहासिनीला धरून आतल्या खोलीत नेलं. पलंगावर बसवून पदरातल्या उरलेल्या पिना काढायला घेतल्या. एक पीन कानामागे रुतली होती, तिथे रक्ताचा ठिपका आला. बाहेर गलका चालला होता. त्यात एक बारीक हसू वर आलं.

"तीच ना?" सुहासिनीनं विचारलं.

"हो."

"कौशल्याला तिच्या सवयी सांगायला हव्यात. उशाला पाणी लागतं तिला. आणि झोपताना हातात धरायला काहीतरी." ती उशीवर कलंडली. "काकू, तेवढं दार लोटून घ्या."

काकूंनी दार लोटलं आणि काळोखात तिच्या पायाशी बसून राहिल्या.