धाऊबाबांनी फोडायला लावलेला खडक

शेणवे गावाच्या पुढच्या एका वाडीत मी डोंगरउतारावर उघडं नाट्यगृह बांधलं. तिथे आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

धाऊबाबा म्हणजे वाडीतला शेवटचा शब्द. सत्तरी ओलांडलेला, दीड एकर भात पिकवणारा माणूस. देवांची सोंगं नाचवायच्या बोहाड्यासाठी हा उतार चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच शोधला. पद्धत साधी. बायको, तिचं नाव सावळी, खाली सुपात तांदूळ पाखडणार, हे माथ्यावर पाठ फिरवून बसणार. सळसळ वर आली की जागा पास. मी शिकलेली आर्किटेक्ट, बॅगेत आवाज मोजायचं यंत्र. पण त्यांच्या उतारात मला काही म्हणजे काही सुधारता येईना. मी फक्त दगडी पायऱ्या बसवल्या. मंचामागचा उभा काळा खडक होता तसाच ठेवला. आवाज वर फेकायचा तोच.

पायऱ्या झाल्यावर बाबा म्हणाले, पारख करू. सावळीआजींनी सूप धरलं. आम्ही वीसेक जण वर बाबांच्या शेजारी बसलो.

"नाय," बाबा म्हणाले. "पायऱ्या झाल्या नि खडक आवाज खाया लागला. फोडा."

मला सळसळ स्वच्छ ऐकू आली होती. वाटलं, यांचा कान माझ्याहून तयार, यांना काहीतरी कमी वाटलं असेल. यंत्र बॅगेतून काढायचीसुद्धा लाज वाटली. बाकीचेही गप्प. तीन दिवस सुतकीचे घाव पडले आणि खडकाची खडी झाली.

पुन्हा पारख. आता सळसळ खरंच पातळ झाली होती. बाबांनी मान हलवली. "आजून नाय. त्ये खालचं ऐनाचं झाड तोडा."

"आज्या!" मागून त्यांची नात हर्षाली म्हणाली. ते वळले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. तरी नाही. मग तिने कानाशी तोंड नेलं आणि ओरडली, "आज्या, आमाला येतंय ऐकू! पयल्यादा पण येत व्हतं!"

बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. ते काठी न घेताच उतरले आणि खाली बायकोसमोर उभे राहिले.

"तुला ठावं व्हतं गो? माझं कान गेलं त्ये?"

आजींनी मान डोलावली.

"मंग खडक फोडू का दिलास?"

आजी हळूच काहीतरी बोलल्या. बाबांनी कानामागे हात धरला. तेव्हा त्या रडत ओरडल्या, "चार लोकांत तुमाला बहिरं कशी म्हणू?"

माथ्यावरच्या शेवटच्या पायरीपर्यंत शब्द न्‌ शब्द ऐकू आला.