कात्री लावलेला अंगरखा

बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत अंगरख्याला कात्री लावली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीच्या एका हॉलमध्ये या बाईंनी बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं होतं. अंगरखा मी आमच्या गावी, सणसरला वडिलांच्या, तात्यांच्या मागावर विणला होता. काळी-पांढरी लोकर, रंग न दिलेली. गळा मागावरच सोडलेला, बाजू लोकरीनंच गुंफलेल्या. आमच्या घरात घोंगडीला कात्री लावत नाहीत. मागावरून उतरते तशी अख्खी वापरायची. घोंगडं अंगावर घेता येतं, तर अंगात का घालू नये, हे खूळ माझं. अख्खा हिवाळा त्यात गेला.

तो घालून बाईंची भाची स्टेजवर जाणार होती. खांद्यात बसेना.

"पुढून उघडू या. चेन लावू," बाई म्हणाल्या.

बाईंचे मालक साखर कारखान्यात मोठ्या पदावर, आणि माझा भाऊ तिथंच रोजंदारीवर. मी सोबत आलेल्या तात्यांकडं बघितलं. तात्यांनी हात जोडले.

"कापा की बाईसाहेब. तुमचंच हाय."

तात्या म्हणाले हे. घोंगडीजवळ कात्री दिसली तरी घर डोक्यावर घेणारे तात्या. मला रडू आलं नाही. लाज वाटली. त्यांची आणि माझीही.

कापलेल्या कडा उसवायला लागल्या. पडद्यामागं टाचण्या मीच लावल्या. मग मला स्टेजखाली सतरंजीवर बसवलं, पुढ्यात चरखा.

"तू नुसतं सूत कात. फोटो छान येतात."

वर माईकवर भाचीचं नाव घेतलं. अंगरखा म्हणे तिची कल्पना. टाळ्या पडल्या. उठून जावंसं वाटत होतं, पण मी मान खाली घालून सूत काढत राहिले.

निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला असेच आणखी आण. जरा ऐसपैस."

"न्हाय," मी म्हणाले.

"काय न्हाय?" हे तात्यांनीच विचारलं.

"इनणार हाय. पर देणार न्हाय."

थोड्याच दिवसांत भावाला कामावरून बंद केलं. वहिनी माझ्या ताटात भाकरी आपटायची. तात्या विचारायचे, "तुज्या अंगरख्यानं चूल पेटती व्हय?" मी पुन्हा मागावर बसायचे.

आता विणलेलं आधी मी अंगात घालते. तशीच एसटीत बसते, बाजारात जाते, प्रदर्शनात उभी राहते. लोक हसतात. हसू देत. अंगरखा बघायचा तर माझ्यासकट बघावा लागेल.