अंबाडीची भाजी आणि बाबांचा ठसका

आमच्या नाचणगावच्या घरात खोकल्याचे दोन आरोपी ठरलेले होते : आंबट आणि तेल. त्यामुळे अर्धांगाचा हलका झटका येऊन गेल्यावर बाबा जेवताना खोकू लागले, तेव्हा आईने सगळ्यात आधी अंबाडीची भाजी बंद केली. ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसणाच्या फोडणीचं तेल ओतलेली ही भाजी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. तिच्या जागी पातळ वरण, पातळ कढी आणि घासाघासाला गरम पाणी आलं.

खोकला वाढला. ठसका लागला की आई त्यांच्या टाळूवर थापट्या मारायची, "वर पाहा जी, वर पाहा!" आमच्याकडे ठसका लागलेल्याला आढ्याकडेच बघायला लावतात. बाबा डोळ्यांत पाणी आणून आढ्याकडे बघायचे आणि आणखी खोकायचे. हळूहळू ते आमच्यासोबत जेवायला बसेनासे झाले. झटक्यानंतर त्यांचं पुलगावचं किराणा दुकान सुटलंच होतं, आता ताटही सुटतं की काय, असं मला वाटू लागलं.

शेवटी मी त्यांना वर्ध्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी चमचाभर पाणी पाजलं, बाबा खोकले. मग कुस्करलेलं केळं दिलं. ते त्यांनी मुकाट गिळलं.

"झटक्यानंतर गिळणं मंदावतं," बाई म्हणाल्या. "पाणी, कढी मात्र झरकन खाली जातं. श्वासनळीचं तोंड मिटायच्या आत थेंब तिच्यात उतरतात आणि खोकला ते बाहेर फेकतो. मान वर केली की उलट श्वासनळीची वाट आणखी मोकळी होते. हनुवटी खाली घेऊन घट्ट, मऊ खायचं." आंबट-तिखटानेही काहींना ठसका लागतो म्हणे, पण बाबांचा आरोपी तो नव्हता.

"अंबाडीची भाजी चालन का?" बाबांनी लगेच विचारलं.

"मऊ घोटलेली असेल तर चालेल."

"हे हिच्या मायले सांगा तुमी."

घरी मीच सांगितलं. आई चिडली. "मंग इतके दिवस मीच यायले खोकला पाजून राह्यली होती का?"

त्या संध्याकाळी अंबाडी शिजली. बाबा आमच्यात येऊन बसले. पहिल्याच घासाला आईचा हात सवयीने त्यांच्या टाळूकडे गेला, मध्येच थांबला आणि मानेवर येऊन टेकला.

"खाली पाहा जी."

बाबांनी खाली बघून घास गिळला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. खोकला आला नाही.

"अजून वाढ," ते म्हणाले. आई रडत होती, म्हणून भाजी मी वाढली.